आयरिश व्हिस्की : एका चवीचा इतिहास

'व्हिस्की' हा शब्द ज्या आयरिश शब्दजोडीपासून आला, तिचा अर्थ 'जीवनाचे पाणी' असा आहे. मराठी वाचकाला हा अर्थ परका वाटू नये; आपल्याकडे 'जीवन' म्हणजे आयुष्य आणि पाणीही. मात्र या जीवनजलाची जी चव 'अस्सल आयरिश' म्हणून वाखाणली जाते, तिचे मूळ शोधू लागलो की आम्हांला शेतापेक्षा कायद्याच्या पुस्तकातच अधिक रेंगाळावे लागते.

१७८५ साली आयर्लंडमध्ये माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवांवर, कर बसला. तो वाचवण्यासाठी भट्टीवाले माल्टमध्ये बिनमोडाचे कच्चे जव मिसळू लागले, असे मानले जाते. हे मिश्रण तांब्याच्या मोठ्या भांड्यांत, बहुधा तीनदा, ऊर्ध्वपातित होई. कच्च्या जवांमुळे मद्याला स्निग्ध, जिभेवर साय धरावी तसा पोत आणि मिरी-सुंठीसारखा तिखटपणा आला. ही 'पॉट स्टिल' शैली. निव्वळ माल्टची व्हिस्की त्या मानाने फळांकडे आणि मधाकडे झुकते. अखंड चालणाऱ्या स्तंभात गाळलेली, मुख्यतः मका वा गव्हाची 'ग्रेन' व्हिस्की हलकी आणि सौम्य असते.

या स्तंभाची कथा चमत्कारिक आहे. १८३० साली त्याच्या सुधारित रूपाचे पेटंट घेणारा ईनियस कॉफी हा आयर्लंडमधील अबकारी खात्याचा माजी वरिष्ठ अधिकारी. स्कॉटलंडने त्याचा स्तंभ उचलून धरला. डब्लिनच्या बड्या भट्टीवाल्यांनी मात्र नाकारला. १८७८ साली चार घराण्यांनी पुस्तकच काढून त्या मद्याला 'व्हिस्की' म्हणण्यास हरकत घेतली. १९०९ साली रॉयल कमिशनने निर्णय विरुद्ध दिला. पुढे स्वातंत्र्ययुद्ध, ब्रिटिश बाजारपेठेची हानी आणि १९२० ते १९३३ ची अमेरिकन दारूबंदी यांनी धंदा खचला. १९८० साली संपूर्ण बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स या दोनच भट्ट्या चालू होत्या.

ज्यांनी स्तंभ नाकारला, त्यांचीच नावे आज स्तंभातील ग्रेन मिसळलेल्या बाटल्यांवर आहेत. दुसरीकडे, २०१४ च्या अधिकृत नियमावलीने 'सिंगल पॉट स्टिल'साठी किमान ३० टक्के माल्ट आणि किमान ३० टक्के कच्चे जव सक्तीचे केले. एके काळची करचुकवेगिरी अशी व्याख्येत जाऊन बसली.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. आपणही परंपरेचे शुद्ध मूळ शोधतो आणि बहुतेकदा हाती लागते ती एखादी तडजोड. म्हणून परंपरा खोटी ठरत नाही. डब्लिनकरांचा दावा शुद्धतेचा होता. तो टिकला नाही. त्यांच्या भांड्यांत तयार झालेली चव मात्र टिकली, आणि आमच्या मते तिच्या बाजूने तेवढा पुरावा पुरेसा आहे.