दाभोळचे खापर

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावर दाभोळ आहे आणि दक्षिण तीरावर अंजनवेल. दाभोळ दापोली तालुक्यात, अंजनवेल गुहागर तालुक्यात. ज्या वीजप्रकल्पाने महाराष्ट्राच्या राजकारणात दहा-बारा वर्षे धुमाकूळ घातला तो उभा राहिला अंजनवेलीच्या अंगाला, गोपाळगडाच्या शेजारी. नाव मात्र लागले पैलतीरावरच्या दाभोळचे. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या नावे मांडण्याची ही रीत पुढे त्या प्रकल्पाच्या चर्चेतही टिकून राहिली.

एन्रॉनच्या प्रकरणात राज्याचे वीज मंडळ डबघाईला आले ते कोणामुळे, या प्रश्नावर आपल्याकडे दोन-तीन ठरीव उत्तरे आहेत, आणि उत्तर देणाऱ्याचा पक्ष कळला की उत्तर आधीच कळते. आमच्या मते या उत्तरांतला फरक मुख्यतः तारखांचा आहे. प्रत्येक जण इतिहास आपल्या सोयीच्या दिवशी सुरू करतो. काँग्रेसवर रोष असणारे 8 डिसेंबर 1993 पासून सुरू करतात. त्या दिवशी शरद पवार मुख्यमंत्री असताना वीज खरेदीचा करार झाला. काँग्रेसची बाजू घेणारे जानेवारी 1996 पासून सुरू करतात, कारण त्या महिन्यात युती सरकारने तोच प्रकल्प अधिक मोठा करून स्वीकारला. प्रकल्पाचेच समर्थक मे 2001 पासून सुरू करतात: वीज मंडळाने करार मोडला आणि जगात आपली पत गेली, अशी त्यांची तक्रार. तिन्ही तारखा खऱ्या आहेत. अडचण एवढीच की तिन्ही एकाच साखळीतल्या आहेत आणि साखळी अखंड पाहिली तर कोणालाच दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही.

आरंभ 1992 चा. आदल्या वर्षी परकीय चलनाच्या संकटातून देश कसाबसा बाहेर पडला होता आणि वीजनिर्मितीचे क्षेत्र खाजगी भांडवलाला खुले झाले होते. भारतीय अधिकाऱ्यांचे पथक अमेरिकेला जाऊन आले आणि जूनमध्ये एन्रॉनशी सामंजस्य करारही झाला; मुख्यमंत्री तेव्हा सुधाकरराव नाईक होते. निविदा मागवल्या नव्हत्या. 1993 च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे देणे नाकारले: महाराष्ट्राच्या गरजेच्या मानाने तो फार मोठा आणि त्याची वीज फार महाग, असे तिचे म्हणणे. खाजगीकरणाचा उपदेश सर्व जगाला करणारी संस्था नको म्हणते, तेव्हा तरी सावध व्हायला हरकत नव्हती. पण डिसेंबरात करार झाला, 1994 मध्ये त्याला राज्याची हमी मिळाली आणि तिच्यामागे केंद्राची प्रति-हमी. करार गोपनीय होता. जिच्या घरात ती वीज यायची आणि जिच्या खिशातून पैसे जायचे, त्या जनतेला तो वाचता येत नव्हता.

1995 च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा केली आणि ती विलक्षण गाजली. युती सत्तेवर आली, मुंड्यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती बसली, आणि 3 ऑगस्ट 1995 रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. सरकार एवढ्यावर थांबले नाही. करार गैरमार्गाने झाला आहे असा दावा घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. कंपनीने लंडनमध्ये लवादाची प्रक्रिया सुरू केली. मग नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईला आल्या, बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटींसाठी नवी समिती बसली, आणि जानेवारीत सगळे जमून आले. दरात कपात झाली. ही कपात युतीचे समर्थक आजही पुढे करतात, आणि कागदावर ती होतीही: अडीच रुपयांच्या घरातला युनिटचा दर दोनाखाली आला. परंतु पहिल्या करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे वीज मंडळाच्या मर्जीवर होते. नव्या करारात ती मर्जी संपली. दोन्ही टप्पे मिळून 2184 मेगावॅट विजेचे ओझे मंडळाने बंधनकारक म्हणून डोक्यावर घेतले. न्यायालयातला दावा अर्थातच मागे घेण्यात आला. करारात भ्रष्टाचार आहे असे लेखी म्हणणारे सरकार काही महिन्यांत त्याच कंपनीबरोबर मोठा करार करते, आणि दोन्ही वेळी लोकहिताचेच नाव घेते!

दिल्लीत तोच खेळ छोट्या मापात झाला. मे 1996 मध्ये वाजपेयींचे पहिले सरकार तेरा दिवस टिकले. त्या सरकारने जाता जाता एन्रॉनच्या सुधारित प्रति-हमीला मंजुरी दिली. त्यानंतर आलेल्या संयुक्त आघाडीच्या सरकारला मार्क्सवादी पक्षाचा बाहेरून पाठिंबा होता, आणि त्याच पक्षाच्या विचाराची कामगार संघटना, सिटू, न्यायालयात या कराराविरुद्ध भांडत होती. सरकारने कराराला हात लावला नाही. डिसेंबर 1996 मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. फेटाळतानाही राजकीय सोयीपुढे जनहित कसे मागे पडते यावर कडक ताशेरे ओढले.

आता करारात होते काय? येथे थोडे थांबले पाहिजे, कारण वर्तमानपत्री भांडणात नेमके हेच सुटले. खानावळीचे मासिक पैसे भरावे, जेवा अथवा न जेवा, तसा हा व्यवहार होता. संयंत्र वीज देण्यास सिद्ध आहे एवढे कंपनीने दाखवले की स्थिर आकार द्यायचाच. वीज उचलली तर तिच्या इंधनाचे पैसे निराळे. स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. इंधनाचा भाव जागतिक बाजारावर सोडलेला. म्हणजे रुपया घसरला तर भुर्दंड मंडळाला, तेल चढले तर मंडळाला, आणि मागणी कमी झाली तरीही मंडळालाच. करार झाला तेव्हा डॉलरला सुमारे एकतीस रुपये पडत. 2001 च्या आरंभी शेहेचाळीसच्या वर. कच्चे तेल 1993 च्या अखेरीस पिंपाला पंधरा डॉलरच्या आत होते, 2000 च्या शरदात तीस डॉलरच्या आसपास गेले, आणि पहिला टप्पा तर नाफ्त्यावर चालत होता. मे 1999 मध्ये वीज सुरू झाली. मंडळाला ती परवडेना म्हणून उचल कमी झाली. उचल कमी झाली की तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडे आणि दर आणखी चढे. 2000 साली काही महिने तो सात रुपयांच्याही वर गेला. स्वतःच्या कोळशाच्या केंद्रांतून स्वस्त वीज काढू शकणाऱ्या मंडळावर ही पाळी आली. या रचनेत 1993 चे सरकार आणि 1996 चे सरकार यांत आम्हाला तत्त्वाचा फरक दिसत नाही. दर बदलला, जोखीम कोणी वाहायची ते बदलले नाही.

रुपयाच्या हुंडणावळीवरून आठवण होते ती कोतळूकची. हे गाव याच गुहागर तालुक्यातले. 1866 साली गोपाळ कृष्ण गोखले तेथे जन्मले. मार्च 1902 मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले मोठे भाषण केले. दुष्काळाने लोक मेलेले, आणि सरकार वर्षामागून वर्षे शिलकी अंदाजपत्रक दाखवून समृद्धीचा दाखला देत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की रुपया पौंडाच्या तुलनेत पडत होता तेव्हा विलायतेत पाठवायच्या रकमेसाठी सरकारने कर वाढवले, 1888 मध्ये मिठावरचाही वाढवला. पुढे टांकसाळीचे धोरण बदलून रुपया वर आणला, रुपयांची गरज घटली, पण कर तेवढेच ठेवले. शिल्लक म्हणजे हा जादा वसूल केलेला पैसा. सारा युक्तिवाद सरकारच्याच आकड्यांवर उभा होता. 1903 मध्ये मिठाचा कर उतरला. रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांना ही रीत मिळमिळीत वाटे, आणि मवाळ-जहालांचे भांडण आजच्या कोणत्याही पक्षीय भांडणाहून कमी कडवट नव्हते. सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेल्यावर रानडे-गोखल्यांनी 1896 मध्ये डेक्कन सभा निराळी काढली. पण त्याच वर्षीच्या दुष्काळात टिळकांनी काय केले? सरकारचे दुष्काळविषयक नियम केसरीतून आणि सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत खेड्यापाड्यांत पोचवले आणि सूट मागणे हा तुमचा हक्क आहे असे रयतेला सांगितले. दोष किती आणि कोणत्या शब्दांत द्यावा यावर दोघांचा विरोध; कागद वाचण्यावर नव्हता.

एन्रॉनच्या काळात हे काम पक्षांनी केले नाही, असे म्हणणे भाग आहे. ते केले पुण्याच्या 'प्रयास' गटाने. गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्येच करारातील दररचनेचे विश्लेषण करून तो मंडळाला कोठे नेईल हे मांडले होते. ते केले अभय मेहता यांनी, ज्यांनी पुढे कागदपत्रांसह पुस्तक लिहिले. आणि गुहागर तालुक्यातल्या लोकांनी केले त्यांच्या परीने. वेलदूरचे मच्छीमार विचारत होते की संयंत्राचे गरम पाणी खाडीत सोडल्यावर मासळीचे काय. अंजनवेल-रानवीचे शेतकरी विचारत होते की जमिनी कोणत्या भावाने आणि कोणाच्या संमतीने गेल्या. त्यांना मिळाले ते जमावबंदीचे हुकूम, अटका, आणि 3 जून 1997 च्या पहाटे वेलदुरात पोलिसांची धाड. जानेवारी 1999 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने यावर सविस्तर अहवाल काढला. हे सारे घडले तेव्हा राज्यात सरकार होते एन्रॉन बुडवायला निघालेल्यांचेच. विरोधी बाकांवरून काँग्रेसला या धाडीवर तोंड उघडणे अवघड, कारण मूळ करार तिचा. दोन्ही बाजू सारख्याच गुंतल्या की मधल्या माणसाची बाजू घेणारे कोणी उरत नाही. वेलदुरात ते झाले.

2001 साली भांडण नव्या वळणावर आले. मुंबईत विलासराव देशमुखांचे आघाडी सरकार, दिल्लीत शिवसेनेसह वाजपेयींचे. मंडळाने बिले थकवली, कंपनीने राज्याची आणि मग केंद्राची हमी मागितली. डिसेंबर 2000 चे एकच बिल 102 कोटींचे होते. उलट मंडळाने, 28 जानेवारीला संयंत्र कराराप्रमाणे वेळेत पूर्ण क्षमतेला पोचले नाही म्हणून, 401 कोटींचा दंड लावला. राज्य म्हणे केंद्राने वीज विकत घ्यावी, केंद्र म्हणे ज्याने करार केला त्याने निस्तरावे. केंद्रीय ऊर्जामंत्री तेव्हा सुरेश प्रभू होते आणि 2002 पासून रत्नागिरीचे खासदार अनंत गीते; दोघेही शिवसेनेचे, दोघेही कोकणातून निवडून आलेले. अंजनवेलीच्या चिमण्या त्यांच्या कारकिर्दीत थंडच राहिल्या. मे 2001 मध्ये करार मोडला, उत्पादन बंद पडले. डिसेंबरात तर ह्यूस्टनची मूळ कंपनीच दिवाळखोरीत निघाली. आयडीबीआय, स्टेट बँक आदी भारतीय वित्तसंस्थांचे हजारो कोटी त्या निर्जीव लोखंडात अडकले.

माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल 2001 मध्ये अहवाल दिला. आमच्या वाचनात या प्रकरणावरचा हा सर्वांत प्रामाणिक सरकारी दस्तऐवज. एका सरकारला दोषी आणि दुसऱ्याला निर्दोष ठरवण्याचे काम त्याने केले नाही. कारभाराचे अपयश वेगवेगळ्या सरकारांच्या काळात, राज्यात आणि केंद्रात, मंत्र्यांत आणि अधिकाऱ्यांत सर्वत्र आहे, असा त्याचा रोख होता. मात्र चौकशीच्या मागणीवर समितीतच एकमत झाले नाही. "सर्वांचा दोष" या निष्कर्षात एक धोका असतोच: सर्वांचा म्हणजे कोणाचाच नाही, असा सोयीचा अर्थ काढता येतो. गोडबोल्यांचा तसा हेतू नव्हता, म्हणून तर त्यांना चौकशी हवी होती. पक्षांनी अहवालातून आपापल्या उपयोगाची पाने तेवढी उचलली. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती कुर्डुकर यांचा आयोग नेमला गेला. त्याचे काम तडीस गेले नाही. सिटूचे अपील सर्वोच्च न्यायालयात 1997 पासून पडून होते. एप्रिल 2019 मध्ये, इतक्या काळानंतर आता त्यात काही उरले नाही अशा भावनेने, न्यायालयाने ते बंद केले. म्हणजे ज्या प्रश्नावर निवडणुका लढल्या गेल्या, त्यावर शपथेवर साक्ष होऊन निर्णय असा कधी लागलाच नाही.

बंद संयंत्राचे पुढे काय झाले ते थोडक्यात. 2005 च्या जुलैत एनटीपीसी, गेल, वित्तसंस्था आणि राज्याची वीज कंपनी यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापली. येथे निदान जिल्ह्याचे नाव तरी बरोबर पडले. 2006 मध्ये चक्रे फिरली, तीही अडखळत. त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन चालू होते आणि अंधाराचे खापर फोडायला एन्रॉन पुन्हा हाताशी होते: एक म्हणे यांनी प्रकल्प आणून मंडळ बुडवले, दुसरा म्हणे यांनी भांडून प्रकल्प लांबवला. 2004 च्या निवडणुकीत शेतीपंपांच्या फुकट विजेची चढाओढ लावताना मात्र दोघेही एका सुरात बोलले होते. सत्तेवर परतलेल्या आघाडीने वर्षभरातच ती सवलत काढून घेतली. पुढे आंध्र किनाऱ्यावरचा वायू आटला आणि 2013 मध्ये संयंत्र पुन्हा थांबले; 2015 च्या अखेरीस ते रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः चालू झाले. द्रवरूप वायूच्या धक्क्यावर पहिले जहाज जानेवारी 2013 मध्ये लागले, परंतु लाटा अडवणारा बांध तेव्हा पुरा झालेला नसल्याने पावसाळ्याचे महिने तो धक्का बंद ठेवावा लागे.