नगर जिल्ह्यातील नागीण आणि मृत्यूच्या नोंदी

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) आरोग्यविषयक इतिहासाचा अभ्यास करू जाणाऱ्यास एक अडचण प्रारंभीच जाणवते. पटकी, देवी आणि प्लेग यांचे उल्लेख जुन्या कागदपत्रांत विपुल आहेत. परंतु नागिणीची बाधा मेंदूपर्यंत पोहोचून दगावलेला मनुष्य त्यांत शोधू गेल्यास सापडत नाही. असा मनुष्य नव्हताच, असे मात्र म्हणता येत नाही. तो नोंदींत का दिसत नाही व तो कोण असावा, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील खेड्यांतले मृत्यू गावकामगारांच्या द्वारे नोंदले जात, आणि पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात व ‘इतर कारणे’ अशा मोजक्या सदरांत ते विभागले जात. यांपैकी ‘ताप’ हे सदर फार ऐसपैस होते. एखादा वृद्ध तापाने फणफणला, असंबद्ध बोलू लागला आणि शुद्ध हरपून गेला, की तो तापात जमा होई. दहा दिवसांपूर्वी त्याच्या कपाळावर उठलेल्या फोडांना त्या तक्त्यात जागाच नव्हती.

लोकांना हा रोग ठाऊक नव्हता असे नव्हे. अंगावर सरपटत जाणारी म्हणून ती ‘नागीण’; आणि ‘हर्पीज’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही सरपटण्याशीच निगडित आहे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. नागिणीचे तोंड व शेपूट एकत्र मिळाले की मनुष्य मरतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. गेरूचा लेप लावून ती वाट अडविण्याचा उपायही प्रसिद्धच आहे. ही समजूत शब्दशः खोटी होय. हे फोड एका मज्जातंतूच्या क्षेत्रापुरते आणि बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठतात. वेढा पूर्ण होण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. तथापि फोड आपली सीमा ओलांडून सर्वांगावर पसरले, तर शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली आहे असे समजावे, आणि मेंदूस धोका अशाच रोग्यास अधिक असतो. आमच्या आजीबाईंच्या भीतीत निरीक्षणाचा काही अंश असावा, असे मानण्यास त्यामुळे जागा राहते.

रोगाचे स्थान ठरविण्याचे श्रेय प्रामुख्याने हेड व कॅम्बेल यांना द्यावे लागते. त्यांनी १९०० साली २१ शवांच्या परीक्षणावरून मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गुच्छिकांतील विकृती दाखवून दिली. परंतु आमच्या दृष्टीने अधिक बोधप्रद काम होप-सिम्पसन या इंग्लंडमधील सिरेन्सेस्टर येथील साध्या व्यवसायी डॉक्टराचे आहे. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत आपल्याच रुग्णांतील नागिणीची १९२ उदाहरणे त्यांनी टिपून ठेवली, आणि १९६५ साली असे प्रतिपादिले की, बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू गुच्छिकांत निद्रिस्त राहतो व वयोमानाने प्रतिकार क्षीण झाला की पुन्हा उठतो. प्रयोगशाळेने हे पुढे खरे ठरविले. मूळ साधन मात्र काळजीपूर्वक ठेवलेली नोंदवही हेच होते.

आता दुसरा प्रश्न. विषाणू मेंदूत कोणाच्या शिरतो? वार्धक्य हे पहिले कारण. त्याखालोखाल पेशींच्या द्वारे होणारा प्रतिकार दुबळा करणाऱ्या अवस्था: रक्ताचे व लसिकाग्रंथींचे कर्करोग, अवयवरोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे, एचआयव्हीची बाधा. फोड कोठे उठतात यासही महत्त्व आहे. कपाळ व डोळा यांच्या मज्जातंतूवरची नागीण कमरेवरच्या नागिणीहून अधिक धोक्याची असते. त्याच वाटेने विषाणू मेंदूच्या रोहिण्यांत शिरून काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पक्षाघात घडवू शकतो. काही रोग्यांना तर फोड येतच नाहीत, आणि पाठीच्या कण्यातील पाणी तपासल्यावाचून निदान होत नाही. म्हणजे लोकांची नजर कमरेच्या वेढ्यावर खिळलेली असताना खरे संकट डोक्याकडून येत होते.

भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीचा आढळ झाल्यानंतर या इतिहासास निराळे वळण लागले. एरवी म्हाताऱ्यांची समजली जाणारी नागीण तरुणांत दिसू लागली, आणि अशा तरुणाचे रक्त तपासावे हा वैद्यकाचा संकेतच बनला. नगर शहरात १९८९ साली स्थापन झालेल्या ‘स्नेहालय’ संस्थेने पुढे एचआयव्हीबाधितांच्या सेवेचे कार्य हाती घेतले. सरकारतर्फे मोफत औषधे मिळू लागली ती २००४ पासून. मधल्या वर्षांत दगावलेल्यांपैकी कित्येकांच्या मृत्यूचे कारण ‘मेंदूज्वर’ एवढेच लिहिले गेले असणे संभवते. जुन्या ‘तापा’चाच हा नवा अवतार होय.

जिल्ह्यात साधनांचा अगदीच अभाव आहे असे नाही. जामखेडचा आरोळे दांपत्याचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९७० पासूनचा, आणि लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासूनचे आहे. अशा ठिकाणचे जुने केसपेपर अभ्यासकास पाहावयास मिळाले, तर प्रौढ रोग्याच्या प्रत्येक ‘मेंदूज्वरा’पुढे वय, आधीची औषधे, मागील तीन महिन्यांत फोड आले होते काय व आले असल्यास कोणत्या बाजूस, एवढे चार रकाने आखून कामास आरंभ करता येईल. रोग्याचे नाव त्यात घेण्याचे कारण नाही.