आधी डबा, मग घासलेट

लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याने १८९२ साली रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीवर मात करण्याचा बेत तडीला नेला. त्याच्या हिशेबात जहाज होतं, सुएझचा कालवा होता, विमा होता, बंदराबंदरावर बांधून ठेवलेल्या टाक्या होत्या. रिकामा डबा तेवढा धरायचा राहिला होता, आणि त्या डब्यापायी सगळा बेत बुडायची वेळ आली.

डबा म्हणजे घासलेटचा. चौकोनी, वीतभर रुंद, दीड वीत उंच, वर तारेची कडी. साठी उलटलेल्या मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको, कारण तो ज्या घरात वाढला त्या घरात असा एखादा डबा नक्की होता, आणि त्यात घासलेट सोडून बाकी काहीही असू शकत होतं.

हा डबा जन्माला आला तो पिंपाच्या खोडीमुळे. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलजवळ एडविन ड्रेकने १८५९ साली विहीर पाडून जमिनीतलं तेल काढलं आणि थोड्याच वर्षांत दिव्याचं हे नवं तेल जहाजांवरून जगभर निघालं. सुरुवातीला ते लाकडी पिंपांतून जाई. उष्ण समुद्रातून जाताना पिंपाच्या फळ्या आकसत, सांधे सुटत आणि तेल जहाजाच्या तळाशी झिरपे. शिवाय रिकामं पिंप टाकून देण्याइतकं स्वस्त नव्हतं, आणि परत न्यायचं तर भाडं पडे. आशियासाठी म्हणून मग पत्र्याचा डबा ठरला. पाच अमेरिकन गॅलनांचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवायचे आणि खोक्यावर खोकं रचायचं. चौकोनी आकार होता तो जहाजाच्या पोटातली इंचभर जागाही फुकट जाऊ नये म्हणून. पुढे ह्याच चौकोनी आकारामुळे तो स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून उभा राहिला, पण कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

पत्रा वेल्समधला. लोखंडाचा पातळ पत्रा कथलात बुडवून काढायचा हा तिथल्या स्वान्झी परिसराचा मोठा धंदा. तांब्या-पितळेच्या भांड्याला आपल्याकडे कल्हई होते ती याच धातूची, त्यामुळे डब्याच्या आतली चकाकी आपल्या बायकांना परकी वाटली नसावी.

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. घासलेट आलं तेव्हा आपल्या घरातली भांडी दोन टोकांची होती. तांब्या-पितळेची भांडी ही घराची ठेव असे. लग्नात यायची, नाव घालून घ्यायची, अडीनडीला सावकाराकडे जायची. दुसऱ्या टोकाला मातीचं मडकं. ते स्वस्त, पण फुटायचं. या दोहोंच्या मधे हलकं, न फुटणारं, न गळणारं आणि शेताच्या बांधावर विसरून आलं तरी जिवाला घोर न लावणारं असं भांडं नव्हतंच. ती जागा मोकळी होती आणि त्यात एक परदेशी कंपनी तेलाच्या वेष्टनाचा म्हणून डबा आणून ठेवत होती, तोही तेलाच्याच किमतीत. गिऱ्हाइकाने दुसरा जन्म आधीच हिशेबात धरून पहिला विकत घेतला. टाकाऊतून टिकाऊ वगैरे आपण आज म्हणतो. त्या काळी हा डबा कोणाला क्षणभरही टाकाऊ वाटला नव्हता.

हे आपल्यापुरतंच नव्हतं. स्टँडर्ड ऑइलचे निळे डबे पूर्वेकडे जिथे जिथे गेले तिथे त्यांचे छपराचे पत्रे झाले, पक्ष्यांचे पिंजरे झाले, चहाच्या गाळण्या झाल्या. लंडनला बसलेल्या सॅम्युएलला हे ठाऊक असायला हवं होतं, कारण त्याच्या बापाची मिळकतच मुळी डब्यांवर उभी होती. थोरला सॅम्युएल पूर्वेकडून शिंपले आणायचा आणि ते चिकटवलेल्या शोभेच्या डब्या समुद्रकिनारी हवा खायला येणाऱ्या इंग्रजांना विकायचा. लेकाने आपल्या तेलवाहू जहाजांना शिंपल्या-शंखांची नावं दिली, पुढे कंपनीचंही नाव ‘शेल’ ठेवलं, पण डब्याचा महिमा मात्र त्याच्या ध्यानात राहिला नाही.

त्याची युक्ती अशी. काळ्या समुद्रावरच्या बाटुमी बंदरातून रशियन तेल डब्यांऐवजी जहाजाच्या टाक्यांतच भरायचं, सुएझमधून काढायचं, पूर्वेकडच्या बंदरांवरच्या टाक्यांत ओतायचं आणि तिथून सुटं विकायचं. डब्याचा, खोक्याचा, हमालीचा खर्च वाचला की स्टँडर्डपेक्षा भाव उतरवता येतो. ऑगस्ट १८९२मध्ये त्याचं ‘म्युरेक्स’ हे जहाज सुएझ ओलांडून पूर्वेला निघालं. तेलाने भरलेल्या टाक्यांचं जहाज त्या कालव्यातून जाण्याची ही पहिलीच वेळ. गिऱ्हाईक आपलं भांडं घेऊन येईल आणि स्वस्त तेल भरून नेईल, एवढं गृहीत होतं.

गिऱ्हाईक आलंच नाही. घरी न्यायला डबा मिळत नसेल तर नुसतं तेल कशाला घ्यायचं? भाव उतरलेला असूनही लोक निळ्या डब्यालाच चिकटून राहिले. प्रकार लक्षात आल्यावर सॅम्युएलने जहाजभर कथलाचा पत्रा पूर्वेकडे धाडला आणि आपल्या अडत्यांना तिथल्या तिथे डबे बनवायला लावले. रंग ठरला लाल. अमेरिकेहून अर्ध्या जगाचा प्रवास करून येणारा निळा डबा पोचेपर्यंत ठेचलेला आणि गंजलेला असे. लाल डबा ताजा आणि झकझकीत असे. डबा बघून तेल घेणाऱ्या लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको. व्यापाराच्या इतिहासात याला सॅम्युएलची समयसूचकता म्हणतात. मला तो विजय आशियातल्या स्वयंपाकघरांचा वाटतो. ज्यांची बाजू मांडायला कोणी वकील नव्हता अशा घरांनी नुसतं न खरेदी करून एका तेल कंपनीला डबे बनवायला लावलं.

त्याचे पडसाद भारतात कारखानदारीपर्यंत गेले. ब्रह्मदेशातून इथे घासलेट आणणाऱ्या बर्मा ऑइल कंपनीला डब्यांसाठी पत्रा लागायचा आणि तो परदेशातून यायचा. १९२० साली बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून जमशेदपूरच्या गोलमुरी भागात टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया काढली. कथलाचा पत्रा भारतात बनू लागला तो मुख्यतः घासलेटच्या डब्याच्या भुकेपोटी. पुढे १९२८मध्ये बर्मा ऑइल आणि शेल एकत्र येऊन बर्मा-शेल झाली आणि तिच्या पाट्या महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत लागल्या.

आता डबा रिकामा झाल्यावर काय होई ते. छिन्नीने वरचं झाकण कडेकडेने कापायचं. कापलेली धार हातोडीने आत दुमडायची, नाहीतर ती बोट कापते. समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडून लाकडाची आडवी दांडी ठोकली की बादली तयार. अशा दोन बादल्या कावडीला लावून आडावरून पाणी भरणारा गडी गावोगाव दिसायचा. झाकण पुरतं न कापता पत्रेवाल्याकडून बिजागरी आणि कडी-कोयंडा लावून घेतला की तांदळाची कोठी झाली. उंदीर मातीची कणगी पोखरतो, पत्र्यापुढे त्याचं काही चालत नाही. लहान तुकड्यातून नरसाळं, माप, सुपली निघे. खिळ्याने भोकं पाडलेल्या पत्र्याची उलटी बाजू म्हणजे किसणी. आणि उरलेल्या कात्रणांची, वात घालायला नळी डाख दिलेली चिमणी व्हायची. म्हणजे ज्या डब्यातून घासलेट आलं त्याच्याच पत्र्याच्या दिव्यात ते जळायचं. याहून काटेकोर हिशेब कुठल्या कंपनीनेही केला नसेल.

भुशाची शेगडी ही त्यातली सर्वांत हुशार गोष्ट. डब्याच्या खालच्या अंगाला मुठीएवढं भोक पाडायचं. त्या भोकातून एक आडवी दांडी आणि वरून मधोमध एक बाटली उभी करायची. सभोवती वखारीतला लाकडाचा भुसा ठासून, अगदी ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडी हलक्या हाताने फिरवून काढून घ्यायची. आत उभं आणि आडवं असं एल आकाराचं धुराडं तयार होतं. खालून काडी सारून पेटवलं की भुसा आतल्या भिंतीवरून सावकाश जळत जातो, फुंकावं लागत नाही आणि एका भरणीवर सकाळचा सगळा स्वयंपाक होतो. भरताना घाई केली तर मात्र भुसा मधेच ढासळतो आणि घरभर धूर. लाकडाच्या वखारीजवळच्या चाळींत अशा शेगड्या होत्या. इंधनतज्ज्ञांच्या भाषेत याला काय म्हणायचं ते म्हणा, भुसा फुकट आणि शेगडी जवळजवळ फुकट.

डब्याचे चारही कोपरे उलगडले की सुमारे तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद पत्रा मिळतो. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकांत मुडपून अडकवत गेलं की भिंत होते. मुंबईतल्या कामगारवस्त्यांवर बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात झावळ्यांच्या, जुन्या पत्र्यांच्या आणि रिकाम्या डब्यांच्या झोपड्या येतात. इराणात अशा वस्तीचं नावच हलबीआबाद, म्हणजे डब्यांचं गाव. पत्र्याची भिंत उन्हात तापते, पावसात वाजते आणि थंडीत गारठते. पुनर्वापराचं कौतुक करताना हे सोडून देण्याची आपल्याला सवय लागली आहे. ज्याला वीट परवडते तो डबा उलगडत बसत नाही.

याहून वाईट वापरही झाला. डब्याच्या संडासात खाली जो डबा ठेवलेला असे तो पुष्कळदा हाच, आणि तो उचलून नेण्याचं काम ठरलेल्या जातींच्या माथी. गळका डबा डोक्यावर घेतला की काय होतं ते वेगळं लिहायला नको. मुंबई सरकारने १९४९ साली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. मैला हाताने वाहून नेण्यावर कायद्याने बंदी यायला १९९३ उजाडावं लागलं.

डबा गळका होतोच, त्याला कारण आहे. कथलाचा मुलामा शाबूत आहे तोवर आतलं लोखंड सुरक्षित असतं. एकदा ओरखडा पडला की कथील लोखंडाला वाचवत नाही, उलट उघड्या पडलेल्या जागी गंज जास्त जोराने चढतो. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीचं उलटं असतं, तिथे जस्त आधी झिजतं आणि लोखंड टिकतं. म्हणून तुळस लावलेला डबा दोनचार पावसाळ्यांत बूड सोडायचा. जाणती माणसं बुडाला आतबाहेर डांबर फासत. तरीही बूड गेलंच तर दुसऱ्या डब्याचं बूड जोडून घेत, तेही गेलं की डबडं पोरांच्या हाती जायचं आणि बोळात डबा ऐसपैस सुरू व्हायचा.

तुर्भे-माहूल भागात १९५४ आणि १९५५मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. तेल टँकरने आणि मोठ्या पिंपांनी दुकानापर्यंत येऊ लागलं. रेशनच्या रांगेत लोक आपापला कॅन घेऊन उभे राहिले, दुकानदार मापाने ओतू लागला. गिऱ्हाईक स्वतःचं भांडं आणेल हा सॅम्युएलचा अंदाज असा दोन पिढ्यांनंतर खरा ठरला, तोही भाव सरकारने बांधून दिल्यावर आणि पर्याय न उरल्यावर. तोवर हातात प्लास्टिक आलं होतं. प्लास्टिकचा कॅन गंजत नाही, पण त्याची किसणी होत नाही, शेगडी होत नाही, दिवा तर होतच नाही.

घासलेटचा डबा गेला तरी त्याचा आकार खाद्यतेलाने उचलला. गोडेतेलाचा भाव महाराष्ट्र-गुजरातेत अजून ‘डब्याला’ सांगतात, डबा म्हणजे १५ किलो. जपानातही १८ लिटरचा असाच चौकोनी डबा सोया सॉसपासून तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांपर्यंत सगळ्याला चालतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यतेल किंवा तूप भरून विकता येत नाही. भेसळवाले जुन्या डब्यावर नवं लेबल चिकटवत, त्यांच्यासाठी हा बंदोबस्त. त्यामुळे हॉटेलांतले रिकामे डबे आता भंगारवाल्याकडे जातात आणि तिथून पत्रेवाल्याकडे. तो झाकण कापतो, कड दुमडतो, कडी लावतो आणि आठवडी बाजारात धान्याची कोठी म्हणून मांडतो. नियम तेल भरून विकणाऱ्याला आहे, घरातल्या ज्वारीला नाही.