पक्का रंग आणि नदीचं पाणी

मंगळवेढा म्हटलं की ज्वारी आणि दामाजीपंत. इथे कापडाच्या रंगाचा विषय कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या तालुक्यावरून भीमा वाहते आणि पुढे हत्तरसंग कुडलला तिला सोलापूरजवळून आलेली सीना मिळते. चादरी-टॉवेलांचं ते शहर आणि आपण एकाच खोऱ्यातले. म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

पूर्वी रंग नीळ, मंजिष्ठा अशा वनस्पतींतून यायचा. 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. 1877 मध्ये सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली, तोवर युरोपात अशा रंगांचे कारखाने उभे होते. 1956 मध्ये तर सुती धाग्याशी रासायनिक बंधच जोडणारे रंग बाजारात आले.

गिऱ्हाईक एकच विचारतं, "रंग पक्का आहे ना?" धुण्याने, उन्हाने, घामाने जाणार नाही तो चांगला. पण सगळा रंग धाग्यावर बसत नाही. उरलेला पाण्याबरोबर जातो आणि तिथेही पक्काच राहतो. जिवाणूंना तो सहज पचत नाही. म्हणजे दुकानातला गुण नदीत दोष ठरतो. तुरटी-चुन्याने रंग खाली बसवता येतो, पण मग रंगीत गाळ उरतो. घाण फक्त जागा बदलते.

इथे किरणांचा उपाय येतो. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला की आधी पाण्याचेच रेणू फुटतात. त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे क्षणभर टिकणारे, पण भलतेच आक्रमक कण निघतात आणि रंगाच्या रेणूवर तुटून पडतात. पाणी धुण्याचं हत्यार पाण्यातूनच निघतं! मग पाणी किरणोत्सर्गी होतं का? नाही. यंत्र बंद केलं की झोत संपला.

दक्षिण कोरियात देगू इथे 1998 मध्ये प्रयोग सुरू झाला आणि 2005 पासून रोज 1 कोटी लिटर पाण्याचा प्रकल्प चालू झाला. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात 2020 मध्ये रोज 3 कोटी लिटरचा उभा राहिला. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने वेगळीही वाट काढली. गॅमा किरणांच्या मदतीने त्यांनी टाकाऊ सुती कापडालाच पाण्यातला रंग शोषायला लावलं.

तरी एक भेद आपण विसरू नये. रंग जाणं वेगळं आणि पदार्थ जाणं वेगळं. रंग दाखवणारा बंध लवकर तुटतो, पण रेणूचे बाकीचे तुकडे नितळ दिसणाऱ्या पाण्यातच असतात. म्हणून देगूलाही किरणांच्या जोडीला जिवाणूंची प्रक्रिया होती. रंगाईत वापरलेलं मीठ तर किरणांनी जातच नाही, आणि मिठाचं पाणी काळ्या जमिनीला काय करतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

तेव्हा 'पाणी स्वच्छ दिसतं का' एवढंच विचारून भागणार नाही. 'त्यात उरलं काय' हेही विचारलं पाहिजे. पाणी धुण्याचा खर्च चादरीच्या किमतीत धरला नाही, तर तो नदीकाठचा शेतकरी आपल्या विहिरीतून भरतो.