पार्काला नाव कोणी दिले?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी शिवाजी पार्काच्या इतिहासावर काही लिहा, असे कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा मी जरा बिचकलेच. मी इतिहासाची अभ्यासक नव्हे आणि येथली जुनी रहिवासीही नव्हे. १९९४ साली गिरगावातल्या चाळीतून आम्ही येथे बिऱ्हाड हलविले. परंतु नव्याने आलेल्या माणसाला जे दिसते, ते जुन्याच्या नजरेतून सवयीने निसटते. म्हणून जे पाहिले, ऐकले आणि मागाहून वाचून ताडून घेतले, तेवढेच भगिनींपुढे ठेवीत आहे.

येथे आल्यावर पहिल्याने जाणवली ती शांतता. चाळीत आमचे दार सकाळी उघडले की रात्री निजानीज होईपर्यंत लोटले जात नसे. विरजण मागायला, पाक एकतारी झाला की नाही ते दाखवायला कोणी ना कोणी येतच असे. येथे खोल्या प्रशस्त, न्हाणीघर स्वतंत्र, समुद्राचा वारा भरपूर. पण दारे सगळी बंद! मी कामात असे, म्हणून मला फारसे जाणवले नाही. सासूबाईंचे मात्र पाहवेना. त्यांचे माहेर गिरगावात, सासर गिरगावात. वयाची पंचाहत्तर वर्षे तेथे गेलेली. महिन्याभरात त्या बोलेनाशा झाल्या. खिडकीशी बसून राहत. "इथं माणसं राहतात का गं?" असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा आपण त्यांना येथे आणून चूक तर केली नाही ना, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही.

शेवटी एका संध्याकाळी त्यांचा हात धरून मी त्यांना कट्ट्यावर नेले. आपले मैदान सुमारे अठ्ठावीस एकरांचे. त्याच्या भोवतीचा बुटका कट्टा एक किलोमीटरहून थोडा अधिकच भरेल. मैदानात एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव चाललेले. एकाचा चेंडू दुसऱ्याच्या डावात, तरी भांडण नाही. भोवती १९३०-४० च्या काळातल्या गोलसर सज्जांच्या इमारती. आणि कट्ट्यावर निवृत्त गृहस्थ, कॉलेजातली मुले आणि बायका! फेऱ्या मारणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या, नुसत्याच बसलेल्या. बंद दारांमागची माणसे कोठे असतात, ते तेव्हा समजले. चाळीची गॅलरी येथे घराबाहेर, मैदानाभोवती होती.

शेजारच्या एक आजी सरकून जागा करीत म्हणाल्या, "नव्या दिसता. या, बसा."

चार दिवसांनी त्यांच्या नातवाने विचारले, "आजी, याला शिवाजी पार्क का म्हणतात?" आजी म्हणाल्या, "अरे, तो पुतळा आहे ना महाराजांचा, म्हणून." आणि इतके दिवस गप्प असलेल्या आमच्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "नाही हो! पुतळा मागनं आला. नाव आधीचं. अवंतिकाबाई गोखल्यांनी द्यायला लावलं ते."

सगळ्याजणी त्यांच्याकडे पाहू लागल्या. मीही पाहतच राहिले. पुढे वाचनालयातून पुस्तके आणून पाहिली, तो सासूबाईंचे अक्षर न् अक्षर खरे निघाले.

महापालिकेने हे मैदान १९२५ साली लोकांना खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली शिवजन्माची त्रिशताब्दी आली. (त्या वेळी जन्मसाल १६२७ धरीत; आज शासनाने १६३० हे साल मान्य केले आहे.) तेव्हा महापालिकेच्या सभासद असलेल्या अवंतिकाबाईंनी आग्रह धरला आणि माहीम पार्काचे शिवाजी पार्क झाले. अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो १९६६ साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनंतर. २०२० साली महापालिकेने नाव 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असे पूर्ण केले.

या अवंतिकाबाई कोण? १८८२ साली इंदूरला जन्मलेल्या, परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या. १९१७ साली गांधीजींच्या हाकेवरून त्या चंपारणात गेल्या आणि खेड्यातल्या शाळेत काम केले. १९१८ साली त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी गांधीजींचे मराठीतले पहिले चरित्र लिहिले. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. १९३० च्या कायदेभंगात तुरुंगातही गेल्या. १९४९ साली त्यांचे निधन झाले. सासूबाईंनी लहानपणी प्रभातफेऱ्या पाहिल्या होत्या, घरात हे नाव ऐकले होते. ते त्यांच्या मनात राहिले होते.

पुढे या मैदानाने काय काय पाहिले! संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचंड सभा येथे झाल्या आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. काका-काकूंकडे राहून येथे सराव करणारा सचिन तेंडुलकर जगाला ठाऊक झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर १९५६ साली जेथे अंत्यसंस्कार झाले, ती चैत्यभूमी जवळच. दर ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या बायका या मैदानात बोचकी टेकतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतात. पिशवीत चार भाकरी आणि दोन पुस्तके घेऊन परतणारी बाई मी दरवर्षी पाहते.

त्या दिवसापासून सासूबाईंची कट्ट्यावरची जागा ठरून गेली. बायका त्यांना जुन्या गोष्टी विचारीत. त्या संध्याकाळची वाट पाहत. २००६ साली त्या गेल्या, तेव्हा आमची चार खोल्यांची जागा कट्ट्यावरच्या बायकांनी भरून गेली होती. "इथं माणसं राहतात का?" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

एका बाईने या मैदानाला नाव मिळवून दिले, ही गोष्ट दुसऱ्या बाईने आठवणीत जपली नसती, तर आम्हां कट्ट्यावरच्या बायकांना ती कळलीच नसती. भगिनींनो, पुढच्या वेळी नातवंडाने विचारले तर पुतळ्याकडे बोट दाखवून थांबू नका. अवंतिकाबाईंचे नावही सांगा. आणि आपल्या इमारतीत कोणी नवे बिऱ्हाड आले, तर त्यातल्या आजींना एकदा कट्ट्यावर घेऊन या. त्यांच्यापाशी काय ठेवा असेल, कोणी सांगावे!