दुसरे लुगडे

दरवर्षी ३ जानेवारीला बारामती-इंदापूरकडच्या शाळांतून सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. एखादी चुणचुणीत मुलगी सावित्रीबाई होऊन मंचावर येते. अंगावर बहुधा आईची झुळझुळीत सहावारी साडी, फुग्याच्या बाह्यांचे पोलके आणि खांद्यावर पिन. मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात शिकवायला आरंभ केला, तेव्हा स्त्रीचा वेष असा नव्हता. ही चूक वरवर दिसते तितकी किरकोळही नाही.

त्या काळचे लुगडे नऊवारी, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे, हातमागावर विणलेले आणि सर्वसामान्य घरात सुतीच असे. त्याच्या आत परकर नसे. कासोटा घालून, निऱ्या खोचून ते नेसले की वस्त्र स्वतःच्या बळावरच अंगावर राही. टाचणीची सुधारलेली आवृत्ती असलेल्या सेफ्टी पिनचे पेटंट अमेरिकेत निघाले तेच मुळी १८४९ साली. शेतात राबणारी बाई लुगडे पोटरीच्या वर खोचून घेई. चोळी आखूड, खणाची, हाताने शिवलेली आणि पुढे गाठ मारायची.

रंगांचेही तसेच. लंडनमध्ये पर्किनला पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग गवसला १८५६ साली. त्याआधी रंगाऱ्याची भिस्त नीळ, आल, कुसुंबा, हळद यांवर होती. त्यामुळे नाटकातील कृत्रिम रंगाची साडी त्या काळात शोभत नाही. आपण ज्या चित्रांना जुनी समजतो, ती राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातील चित्रे १८९४ नंतरची. खरा वेष पाहायचा असेल तर विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत प्रसिद्ध केलेली छायाचित्रे अधिक उपयोगी पडतात. आणि आपल्या घरात आजी-पणजीचे लुगडे पेटीत जपलेले असेल, तर त्याहून चांगला गुरू नाही. वसईकडील ख्रिस्ती घरांतूनही धर्म बदलला तरी लुगडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले.

आता या लुगड्याचे मोल पाहू. इंदापूर तालुक्यात प्रिंगलच्या जमाबंदीचा भार इतका असह्य झाला की शेतकरी गावे सोडून गेले आणि १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना नवी आकारणी करावी लागली. तरीही कर्ज सुटले नाही. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. त्या उठावाचा रोख कर्जाच्या कागदांवर होता. अशा मुलखात घरात नवे लुगडे येणे म्हणजे पुष्कळदा सावकाराच्या वहीत नवी ओळ पडणे होते.

हे ध्यानात घेतल्यावरच सावित्रीबाईंची ती सुपरिचित हकीकत उमगते. शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकीत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. नायलॉनची साडी झटकली की साफ होते. सव्वाआठ मीटर सुताचे तसे नव्हे. ते धुवायचे, पिळायचे, वाळवायचे म्हणजे घरच्या बाईचा अर्धा दिवस. शिवाय प्रत्येक धुण्यासरशी ते झिजे. फेकणाऱ्याला हे ठाऊक होते. त्याच्या घरीही कोणीतरी लुगडेच धूत होते. शेणाचा तो गोळा अब्रूवर होता, तसाच कष्टांवरही होता.

म्हणून पुढच्या जयंतीला मुलीला सुती नऊवारी नेसवावी, पिनेशिवाय. नेसवायला गावातील एखाद्या म्हाताऱ्या बाईला मानाने बोलवावे. आणि मुलीच्या हातात एक पिशवी द्यावी, तीत खरोखरच दुसरे लुगडे घालून. ती पिशवी मुलीला जड वाटेल. ते ओझे तिला कळले, तर पुढचे भाषण पाठ नसले तरी चालेल.