शून्य नंबरचा वारा

18 जुलै 1812 ची पहाट. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही अमेरिकी युद्धनौका अडकून पडली होती. इंग्लंड-अमेरिका युद्ध जाहीर होऊन अवघा महिना झाला होता आणि ब्रिटिशांची पाच जहाजं तिच्या पाठीवर होती. पळावं तर वारा साफ पडलेला. शिडं चिरगुटासारखी लोंबत होती.

कप्तान आयझॅक हल याने होड्या पाण्यात सोडल्या आणि खलाशांना वल्ही मारत जहाज ओढायला लावलं. ब्रिटिशांनीही तेच केलं. मग चार्ल्स मॉरिस या अधिकाऱ्याने दुसरी युक्ती सुचवली. पाणी फार खोल नव्हतं. जहाजावरचे दोरखंड एकमेकांना जोडायचे, छोटा नांगर होडीतून पुढे नेऊन तळाशी टाकायचा आणि मग जहाजावरून दोर खेचत त्या नांगरापर्यंत जहाज सरकवायचं. तिथे पोचेपर्यंत दुसरा नांगर आणखी पुढे पडलेला असे. झुळूक आलीच तर कापडातून निसटू नये म्हणून शिडांवर बादल्या-बादल्या पाणी मारलं गेलं. वजन कमी करायला सुमारे 10 टन पिण्याचं पाणी समुद्रात सोडलं. दोन दिवसांहून अधिक चाललेल्या या पाठलागातून जहाज निसटलं. पुढच्याच महिन्यात त्याने पाठलाग करणाऱ्यांपैकी ‘गेरिएर’ला गाठून हरवलं.

त्या पहाटेच्या स्थितीला इंग्रजी खलाशाचा शब्द होता ‘काम’. लिहिताना त्यात एक ‘ल’ असतो, पण तो उच्चारत नाहीत. आज हा शब्द योगवर्गात, चहाच्या पुड्यांवर आणि मोबाइलच्या ॲपवर भेटतो. शिडांच्या काळातल्या खलाशाला मात्र तो ऐकून घाम फुटे. शब्दाचं मूळही तसं तापलेलंच आहे. उष्म्यासाठी असलेला ग्रीक शब्द लॅटिन, इटालियन, फ्रेंच अशी वळणं घेत चौदाव्या शतकात इंग्रजीत पोचला, असं मानलं जातं. भर दुपारी ऊन तापतं, माणसं-जनावरं सावलीला जातात, सगळं थांबतं. तिथून अर्थ ‘वारा नसणं’ इथवर आला. मनाच्या शांतीसाठी तो वापरात आला तो त्यानंतर.

खलाशांनी या शब्दाचे पोटभेदही केले. पान हलणार नाही इतका वारा मेला की ‘डेड काम’. पाणी आरशासारखं सपाट झालं तर ‘फ्लॅट काम’. वादळात मध्येच मिळणारी उसंत म्हणजे ‘लल’. तिच्यावर कुणी विसंबत नसे. वाऱ्याअभावी खोळंबलेलं जहाज ‘बिकाम्ड’. आणि विषुववृत्ताजवळ, जिथे ईशान्येचे आणि आग्नेयेचे व्यापारी वारे एकत्र येतात, हवा तापून वर चढते आणि खाली वारा उरत नाही, तो पट्टा ‘डोल्ड्रम्स’. हा शब्द आधी मरगळलेल्या मनःस्थितीसाठी होता. एकोणिसाव्या शतकात तो नकाशावरच्या जागेला चिकटला. मंदीत अडकलेल्या बाजारासाठी इंग्रजी वर्तमानपत्रं आजही तो वापरतात.

वारा नाही म्हणून जहाज स्वस्थ असे, असंही नाही. वारा पडला तरी आधीच्या वादळाच्या लाटा येतच राहतात. जहाज कलंडत राहतं, शिडं डोलकाठ्यांवर आपटून झिजतात, गोडं पाणी संपत जातं. 1888 मध्ये जोसेफ कॉनरॅडने बँकॉकला ‘ओटॅगो’ जहाजाची कप्तानी घेतली, तेव्हा सयामच्या आखातात त्याची अशीच रखडपट्टी झाली आणि खलाशी आजारी पडले. त्या अनुभवावर त्याने 1917 मध्ये ‘द शॅडो-लाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत वारा नाही, खलाशी तापाने फणफणलेले, आणि क्विनाइनच्या बाटल्या उघडाव्यात तर आत क्विनाइनच नाही.

कोकणच्या पाण्यात या निवांतपणाचा अर्थ इंग्रजांना अधिक थेट कळला होता. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराची रीत तपशिलात लिहून ठेवली आहे. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असा मुख्य ताफा. गुराबेवर जड तोफा, तर गलबताला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत आणि जागच्या जागी खिळलेल्या परक्या जहाजाच्या पिछाडीला आणून उभं करत. बाजूच्या तोफा तिथे निरुपयोगी. आधी डोलकाठ्या आणि दोरखंडांवर मारा, मग गलबतांतून माणसं वर चढत. युरोपीय जहाज मोठं असो, पण वाऱ्याविना ते वळूही शकत नसे. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, तोवर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना ही धास्ती होती.

या शब्दाला आकडा मिळाला 1806 मध्ये. फ्रान्सिस ब्यूफर्ट हा आयर्लंडमध्ये जन्मलेला ब्रिटिश नौदल अधिकारी ‘वुलविच’ जहाजावर होता. वाऱ्याचा जोर प्रत्येकजण आपापल्या अंदाजाने लिही, म्हणून त्याने आपल्या रोजनिशीत क्रमवार यादी केली. शून्यावर ‘काम’. पुढे रूढ झालेल्या यादीत शेवटी, बारावर, चक्रीवादळ होतं. एक नंबर म्हणजे जहाज जेमतेम सुकाणूचं ऐकेल एवढा वारा. शून्याचा अर्थ त्यावरून उघड होतो: सुकाणू फिरवा, जहाज ढिम्म हलणार नाही. डार्विनला घेऊन 1831 मध्ये निघालेल्या ‘बीगल’वर कप्तान फिट्झरॉय याने ही श्रेणी वापरली आणि 1838 मध्ये ब्रिटिश नौदलाने नोंदवहीत ती सक्तीची केली.

वाफेची जहाजं आली आणि शून्याचा धाक गेला. इंजिनाला वारा लागत नाही. उलट सपाट पाण्यावर प्रवास सुखाचा होतो. 1906 मध्ये जॉर्ज सिम्प्सन या हवामानशास्त्रज्ञाने जमिनीवरच्या खुणा दिल्या, तेव्हा शून्याची ओळख शिडांवरून न राहता धुरावर आली: धूर सरळ वर जातो. आजच्या हिशेबात शून्य म्हणजे ताशी एका सागरी मैलाहून कमी वेग.

तेव्हा जुनी इंग्रजी सागरकथा किंवा कंपनीचा पत्रव्यवहार वाचताना हा शब्द आला, तर लगेच ‘प्रसन्न शांतता’ असा अर्थ लावू नये. आधी जहाजाला शिडं आहेत की इंजिन, तेवढं पाहून घ्यावं.